गिरमिटिया मजुरांसाठी लढलेले गोखले, आणि कागदावर न आलेला तो शब्द

नाशिकच्या कॉलेज रोडवरचं एचपीटी कॉलेज चालवणाऱ्या गोखले एज्युकेशन सोसायटीच्या नावातले गोखले म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. मवाळ नेते, गांधीजींचे राजकीय गुरू, एवढी ओळख शाळेतच होते. परदेशात राबणाऱ्या भारतीय मजुरांसाठी त्यांनी जे केलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

जन्म ९ मे १८६६चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी, १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना, त्याच वर्षी काँग्रेसचं अध्यक्षपद.

तेव्हा फिजी, मॉरिशस, नाताळच्या ऊसमळ्यांवर भारतातून पाच वर्षांच्या करारावर मजूर नेले जायचे. अ‍ॅग्रीमेंटचा अपभ्रंश गिरमिट, म्हणून ते गिरमिटिया. काम सोडलं तर थेट तुरुंग. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये तर करार संपल्यावर तिथेच राहायचं असेल, तर वर्षाला ३ पौंड कर. गिरमिटातल्या पहिल्या वर्षी पगार महिन्याला १० शिलिंग, म्हणजे कर झाला सहा महिन्यांच्या पगाराएवढा! पुढे तो १६ वर्षांवरच्या मुलांना आणि १३ वर्षांवरच्या मुलींनाही लागू झाला.

१९१० मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात नाताळची मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून भरती बंद झाली. मार्च १९१२ मध्ये गिरमिटाची पद्धतच रद्द करा, असा दुसरा ठराव त्यांनी आणला. तो सरकारी बहुमतापुढे पडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियात पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटून बाहेर पडले, तेव्हा ३ पौंडांचा कर जाणार याची त्यांना खात्री होती. पण कागद काहीच नव्हता. आकड्यांत इतका काटेकोर माणूस इथे शब्दावर विसंबला. १९१३ मध्ये स्मट्स यांनी असं वचन दिल्याचंच नाकारलं.

मग गांधीजींच्या सत्याग्रहात करही आला. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतले मजूर संपावर गेले, संप ऊसमळ्यांपर्यंत पसरला. तुरुंग भरले, गोळीबारात माणसं मेली. मधुमेहाने खचलेले गोखले इकडे भारतात पैसे गोळा करत होते. अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना त्यांनीच तिकडे पाठवलं. अखेर १९१४ मध्ये गांधी-स्मट्स तडजोड होऊन कायदा झाला आणि कर रद्द झाला. दोन वर्षांपूर्वीच्या एका सहीने कदाचित हे सगळं टळलं असतं.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८व्या वर्षी गोखले गेले. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली, फिजीतल्या उरलेल्या मजुरांचे करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले.

गोखल्यांनंतर भारत सेवक समाज सांभाळला तो श्रीनिवास शास्त्रींनी. १९२७ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात केपटाऊन करार झाला, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात ते होते. तिथल्या भारतीयांचे प्रश्न पाहायला भारत सरकारचा एजंट नेमायचं ठरलं, आणि पहिले एजंट म्हणून गेले तेही शास्त्रीच.