विश्लेषण : उजवा हात गमावला, डाव्याने दोन सुवर्णपदके! पहिले पिस्तूल निवडताना कारोली टाकाच यांची गोष्ट का आठवावी?

हेलसिंकी, जुलै १९५२. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. साताऱ्यात ही गोष्ट शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्याच हेलसिंकीत, त्याच स्पर्धेत, हंगेरीचा एक ४२ वर्षांचा सैनिक डाव्या हातात पिस्तूल धरून सुवर्णपदक जिंकत होता. चार वर्षांपूर्वी लंडनमध्येही त्याने हेच केले होते. विशेष म्हणजे हा नेमबाज मुळात उजव्या हाताने नेम धरणारा होता. त्याचे नाव कारोली टाकाच.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने रायफलमध्ये, तर मनू भाकरने पिस्तूलमध्ये पदक जिंकले. त्यानंतर नेमबाजीकडे वळू पाहणाऱ्या मुलांच्या घरात पहिला प्रश्न असतो तो कोणते पिस्तूल घ्यायचे हा. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर टाकाच यांच्या आयुष्यात सापडते.

कोण होते कारोली टाकाच?

टाकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. तरुणपणी ते हंगेरीच्या सैन्यात दाखल झाले आणि तिथेच त्यांची पिस्तूल नेमबाजी बहरली. १९३६ पर्यंत त्यांची गणना जगातल्या अव्वल नेमबाजांमध्ये होऊ लागली होती.

त्या वर्षी बर्लिन ऑलिम्पिक होते. पण टाकाच यांना हंगेरीच्या संघात जागा मिळाली नाही. नेम चुकला म्हणून नव्हे, तर हुद्दा कमी पडला म्हणून. ते सार्जंट होते आणि हंगेरीच्या सैन्यात तेव्हा फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांनाच ऑलिम्पिकला पाठवण्याचा नियम होता. बर्लिननंतर ही अट उठली. आता १९४० चे ऑलिम्पिक हे त्यांचे लक्ष्य होते.

१९३८ मध्ये काय घडले?

लष्करी सरावादरम्यान एक सदोष हातबॉम्ब त्यांच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हाताने ते नेम धरायचे तो हात कायमचा निकामी झाला. ते महिनाभर रुग्णालयात होते. नेमबाजासाठी ही कारकिर्दीची अखेर मानली जाते.

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर टाकाच यांनी कोणालाही न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. हे ऐकायला सोपे वाटते, पण पिस्तूल नेमबाजीत हात बदलणे म्हणजे जवळपास शून्यापासून सुरुवात करणे. पिस्तूल एकाच हाताने, हात पूर्ण लांबवून धरायचे असते. खांदा, मनगट, बोटाची हालचाल, उभे राहण्याची पद्धत, श्वासाची लय, डोळा आणि हात यांचा मेळ असे सगळे पुन्हा शिकावे लागते. जगातला अव्वल नेमबाज पुन्हा एकदा नवशिका झाला होता.

१९३९ च्या वसंतात राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला टाकाच आले, तेव्हा जुने सहकारी त्यांना भेटून हळहळ व्यक्त करू लागले. ते सामने बघायला आले असावेत, असाच सगळ्यांचा समज होता. ते स्पर्धेत उतरले आणि डाव्या हाताने विजेतेपद घेऊन गेले. त्याच वर्षी जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघातही ते होते.

मग ऑलिम्पिकसाठी १९४८ पर्यंत का थांबावे लागले?

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची दोन्ही ऑलिम्पिक रद्द झाली. खेळाडूच्या उमेदीची आठ-दहा वर्षे अशी निघून गेली. १९४८ मध्ये लंडनला पोहोचले तेव्हा टाकाच ३८ वर्षांचे होते.

त्यांचा प्रकार होता २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. यात समोर पाच लक्ष्ये असतात आणि प्रत्येकावर एक गोळी झाडायची असते. वेळ आधी आठ, मग सहा आणि शेवटी फक्त चार सेकंद. एकूण ६० गोळ्या. चार सेकंदांच्या फेरीत हात खालून वर आणून पाच लक्ष्यांवर पाच नेम धरायचे असतात.

अर्जेंटिनाचे कार्लोस एन्रिके दियाझ साएन्झ व्हॅलिएन्टे तेव्हाचे विश्वविजेते आणि पदकाचे प्रबळ दावेदार होते. सामन्याआधी त्यांनी टाकाच यांना लंडनला येण्याचे कारण विचारले आणि टाकाच यांनी आपण शिकायला आलो आहोत एवढेच सांगितले, असा किस्सा नेमबाजीच्या जगात आजही सांगितला जातो. टाकाच यांनी ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्याला रौप्यावर समाधान मानावे लागले आणि टाकाच पुरेसे शिकले आहेत, हे त्यांनी पदकमंचावर मान्य केले, असे म्हणतात.

१९५२ मध्ये हेलसिंकीत टाकाच यांनी ५७९ गुणांसह सुवर्ण राखले. या प्रकारात लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारे ते पहिलेच नेमबाज ठरले. अवघ्या एका गुणाने मागे राहून रौप्य जिंकणारा सिलार्ड कुन हा त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेला हंगेरीचा तरुण नेमबाज होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये टाकाच आठवे आले. १९५८ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. पुढे त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले. ५ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

सातारा-सांगलीशी याचा काय संबंध?

अशा जिद्दीची उदाहरणे इथल्या मातीतही आहेत. खाशाबा जाधव लंडन १९४८ आणि हेलसिंकी १९५२ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये खेळले. लंडनमध्ये ते पहिल्यांदाच मॅटवर उतरले आणि सहावे आले, चार वर्षांनी त्यांनी पदक आणले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. त्यांनी खेळ बदलला आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले.

टाकाच, जाधव आणि पेटकर यांच्यात एक समान धागा आहे. साधन किंवा मैदान बदलले, तेव्हा तिघांनीही पुन्हा विद्यार्थी होणे पत्करले.

पहिले पिस्तूल कोणते असावे?

टाकाच यांचा प्रकार ज्या पिस्तुलाने खेळला जातो ते लहान बोअरचे, म्हणजे पॉइंट टू टू किंवा ५.६ मिलिमीटरचे असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले, तेही याच बोअरने. विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये टाकाच यांच्याच रॅपिड फायर प्रकारात रौप्य मिळवले.

मात्र भारतात नवशिक्याची सुरुवात साधारणपणे १० मीटर एअर पिस्तूलने होते. यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण कायद्याचे. पॉइंट टू टू हे अग्निशस्त्र आहे. त्यासाठी शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना लागतो. सातारा आणि सांगलीत त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. अग्निशस्त्र बाळगण्यासाठी वयाची सर्वसाधारण अट २१ वर्षे आहे. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी १२ वर्षांपासून मुभा आहे, पण ती नियमांच्या चौकटीत आणि देखरेखीखाली. स्पर्धेची ४.५ मिलिमीटर बोअरची, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर पिस्तूल या परवान्याच्या कक्षेत येत नाही.

दुसरे कारण सरावाचे. पॉइंट टू टूसाठी गोळी अडवणारी भक्कम व्यवस्था असलेली मान्यताप्राप्त रेंज लागते आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवावा लागतो. एअर पिस्तूलचा छर्रा स्वस्त असतो आणि १० मीटरची बंदिस्त रेंज उभारणे तुलनेने सोपे असते. स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांत छर्रा न घालता ट्रिगरचा सराव करण्याची सोयही असते. पॉइंट टू टू पिस्तूल असे रिकामे चालवत राहिल्यास त्याची फायरिंग पिन किंवा चेंबरची कड खराब होऊ शकते.

तिसरे कारण तंत्राचे. एअर पिस्तूलचा छर्रा नळीतून बाहेर पडायला वेळ घेतो. त्या क्षणी हात हलला तर लक्ष्यावर लगेच दिसते. चूक लपत नाही आणि म्हणूनच ती सुधारते.

खरेदी करताना काय पाहावे?

टाकाच यांची गोष्ट इथे थेट उपयोगी पडते. पहिले पाहायचे ते हात आणि डोळा. दोन्ही हातांच्या बोटांनी छोटी खिडकी करून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ डोळा. हात आणि प्रबळ डोळा एकाच बाजूचे नसतील, तर खरेदीआधी प्रशिक्षकाशी बोलावे.

दुसरे म्हणजे मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगळी असते आणि ती लहान, मध्यम, मोठ्या मापात मिळते. मित्राच्या हातात बसलेली मूठ आपल्या हातात बसेलच असे नाही.

तिसरे म्हणजे वजन आणि ट्रिगर. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तूलचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम आणि ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. २५ मीटरच्या पॉइंट टू टूसाठी ही मर्यादा अनुक्रमे १४०० आणि १००० ग्रॅम आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जड पिस्तूल दिले, तर नेमाआधी खांदा थकतो आणि चुकीची सवय लागते.

चौथे म्हणजे पैसा. आयात केलेल्या स्पर्धा-दर्जाच्या एअर पिस्तूलची किंमत लाखाच्या पुढे जाते. शेतकरी किंवा नोकरदार कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने क्लबच्या पिस्तूलवर शिकणे, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन-तीन मॉडेल हाताळून पाहणे आणि मूल टिकते असे दिसल्यावरच स्वतःचे घेणे, हा क्रम शहाणपणाचा.

आणि सगळ्यांत आधी सुरक्षितता. पिस्तूल भरलेलेच आहे असे समजून नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेने ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवणे आणि रेंजबाहेर पिस्तूल पेटीत कुलूपबंद ठेवणे. एअर पिस्तूलला परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. छर्ऱ्याने डोळा जाऊ शकतो.

टाकाच यांनी १९३८ नंतर नव्याने सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे अनुभव होता, पण सरावलेला हात नव्हता. तो त्यांनी काही महिन्यांच्या एकट्या सरावाने घडवला. पहिल्या पिस्तूलसाठी पैसे जमवणाऱ्या सातारा-सांगलीतल्या घरांनी त्याआधी मुलाचा रोजचा सराव कुठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती दिवस होणार आहे, हे ठरवले तर पिस्तूलची निवड बरीच सोपी होते.