बांधापर्यंत गेलेली विद्या

पांडुरंग सदाशिव खानखोजे हे क्रांतिकारक म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे स्मरण क्वचितच होते. १८८४ साली वर्धा येथे जन्मलेला हा तरुण लष्करी शिक्षणाच्या ध्यासाने अमेरिकेस गेला आणि तेथे ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांच्या महाविद्यालयांत शेतीशास्त्रही शिकला. १८६२ च्या कायद्यान्वये सरकारी जमिनींच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये त्या देशात उभी राहिली होती. मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेलाही त्याच कायद्याचा आधार लाभला. नांगर आणि यंत्र यांना विद्यापीठात मानाचे स्थान देणारी ही व्यवस्था होती.

पुढे गदर चळवळ आणि पहिल्या महायुद्धातील इराणमधील लढा यांमुळे खानखोजे यांना मायदेशाचे दार बंद झाले. १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले. पण तेवढ्यावर न थांबता गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात निवर्तले.

नाशिक जिल्ह्यातील पेठच्या डोंगरउतारावर नागली-वरई पिकविणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला पदव्यांच्या संख्येशी कर्तव्य नाही. विद्या आपल्या बांधापर्यंत आली की नाही, एवढेच तो पाहणार. खानखोजे त्या कसोटीला परदेशात उतरले. आपल्या तंत्रशिक्षणाला ती स्वदेशातच द्यावयाची आहे.