बालगंधर्व आणि बोलपट

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे चरित्र लिहिताना आम्हां खानदेशवासीयांस एक अभिमान आवरत नाही: गाण्याचे पहिले धडे त्यांनी आपल्या जळगावात मेहबूबखान यांजपाशी घेतले. 1888 साली जन्मलेले नारायणराव 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले व 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळीचे एक मालक झाले. 1911 साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगादिवशीच कन्या मृत्यू पावली असता ते भामिनीच्या वेषात उभे राहिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

मालकी मात्र त्यांस मानवली नाही. भरजरी शालू, उंची अत्तरे, मंडळीचा राजेशाही थाट, यांपायी कर्ज चढत गेले. अशा वेळी प्रभात कंपनीशी भागीदारी करून ते चित्रपटनिर्मितीत उतरले. बेत सहा बोलपटांचा होता. निघाला एकच, 1935 चा 'धर्मात्मा'. दिग्दर्शक शांताराम. मूळचे 'महात्मा' हे नाव सरकारी परीक्षकांस खपले नाही! ज्यांच्या शालूची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करीत, तेच नारायणराव येथे अस्पृश्याघरी जेवणारे एकनाथ झाले. आमच्या मते हे धाडस लहान नव्हे. परंतु समोर प्रेक्षक नाहीत, 'वन्समोअर' नाही, गाणेही यंत्राच्या सोयीने. हे त्यांच्या जिवास रुचेना. भागीदारी मोडली. 1937 साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले आणि मग रंगभूमीवरच परतले. 15 जुलै 1967 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.