हावरट नव्हती ती मुलं!

मॉन्टेसरी म्हटलं की केजी आठवतं ना? पण हे नाव एका डॉक्टरचं आहे, मित्रांनो. मारिया मॉन्टेसरी, जन्म इटलीत, १८७० चा.

डॉक्टर झाल्यावर रोमच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांना बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं दिसली. चक्क डांबून ठेवलेली! असं सांगतात, की जेवणानंतर ती जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचायची. सांभाळणारी बाई त्यांना हावरट समजायची. मारियांनी मात्र खोलीभर नजर फिरवली. मुलांच्या हाताला खेळायला काहीच नव्हतं!

मग फ्रेंच डॉक्टर सेगँ यांच्या पद्धतीवरून त्यांनी साधनं बनवली. त्यातली काही मुलं लिहा-वाचायला शिकून चक्क इतरांसारखी परीक्षा पास झाली.

१९०७ मध्ये हीच पद्धत सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या बालगृहात आली. तिथे प्रत्येक साधन एकच. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं. दुसऱ्याचा विचार करणं मुलं अशी खेळता खेळता शिकायची, भाषण न ऐकता.

एनएसएसमधून विशेष शाळेत खेळ घ्यायला जाताय? मग एखादं मूल विचित्र वागलं, तर लगेच शिक्का मारू नका. त्याला काय हवंय, ते आधी बघा.