दादासाहेबांची चाळिशी

चाळिशी हा मराठीतला नेमका शब्द आहे. वयही चाळिशी आणि त्या वयात लागणारा जवळचा चष्माही चाळिशीच. बहुतेकांना ती सुईत दोरा ओवताना किंवा औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचताना कळते. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या बाबतीत मात्र वयाच्या एक्केचाळिशीच्या आसपास थेट डोळ्यांपुढे अंधार आला. त्या वेळी हातात नोकरी नव्हती, घरात लहान मुले होती आणि ज्या कामाचा ध्यास घेतला होता ते सगळेच्या सगळे डोळ्यांचे काम होते.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगा मात्र १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात. १८९० मध्ये चित्रकलेचा अभ्यास संपला, त्याच सुमारास पहिला कॅमेरा हातात आला. पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा थाटला. तिथे प्लेगने गाठले. पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा उघडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी अफवा गावात पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. ज्या गावांनी नुकताच प्लेग पाहिला होता, तिथे नव्या यंत्राची भीती बसली यात फारसे नवल नाही. लस आली तेव्हाही असेच झाले होते.

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी मिळाली. पुरातत्त्वाचे छायाचित्र म्हणजे निम्मे निसर्गचित्रच. जवळचा कोरीव खांब स्पष्ट हवा आणि मागचा डोंगरही. भिंगाची खरी परीक्षा इथे होते. जे भिंग फार लांबचे जवळ आणते, त्याच्यात जवळचे आणि लांबचे एकाच वेळी स्पष्ट येत नाही. ज्याची नाभीय लांबी कमी, त्याच्यात येते. आजच्या भाषेत हिशेब असा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरचे भिंग, छिद्र एफ ८ आणि फोकस साधारण अडीच मीटरवर ठेवला, तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट दिसते. तेच भिंग ५० मिलिमीटरचे असेल तर फोकस दहा मीटरच्या पुढे न्यावा लागतो आणि जवळचे पाच मीटर हातचे जातात. ८५ मिलिमीटरला हाच आकडा तीस मीटरवर पोहोचतो.

धरमपेठेतून संध्याकाळी फुटाळ्यावर किंवा अंबाझरीवर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना हे पाठ असते. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यात आतला आरसा गेला, भिंगाला सेन्सरच्या जवळ बसता येऊ लागले आणि रुंद कोनाची भिंगे करणे सोपे झाले. त्यांच्यापैकी पन्नाशीच्या मंडळींचे एका गोष्टीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असते. ते आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवून घ्यायचे असते. भिंगावर लाखभर रुपये घातले आणि हे चाक कारखान्यातून आले तसेच राहिले, तर फोटो बरा येतो पण डोके दुखते. मग तक्रार भिंगाची होते.

फाळके यांनी सरकारी नोकरी स्वदेशीच्या चळवळीच्या काळात सोडली आणि ते छपाईकडे वळले. लोणावळ्याला, मग मुंबईत ब्लॉक आणि रंगीत छपाईचे काम केले, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. हे सगळे काम वीतभर अंतरावरचे. पुढे भागीदारांशी बिनसले आणि तेही सुटले. याच रिकामपणात त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांना असेच पडद्यावर आणायचे, हे डोक्यात बसले. घरी एक छोटे यंत्र आणि काही रिळे आणली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडून रात्री-रात्री चित्रे पाहायची, दिवसा त्यावर विचार करायचा, झोप जवळपास नाही. रोज चार-पाच तास हे चाले. मग दृष्टी गेली.

अनेक चरित्रांत दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला असे येते. वैद्यकाच्या दृष्टीने ते पटणे कठीण आहे. डोळे फार वापरल्याने मोतीबिंदू होत नाही. आणि झालाच तर तो औषधाने किंवा चष्म्याने जात नाही, तेव्हाही शस्त्रक्रियाच लागे. फाळके यांची दृष्टी डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने परत आली. म्हणजे त्रास डोळ्याच्या आतल्या भिंगाचा नसून बाहेरच्या पडद्याचा किंवा सुजेचा असण्याची शक्यता अधिक. त्यावर जागरण, मंद हलता उजेड आणि चाळिशी यांची भर.

तीन-चार चष्मे ऐकून हसू येईल, पण त्यात शास्त्र आहे. कॅमेऱ्याचे भिंग पुढेमागे सरकवून फोकस साधतात. डोळ्याचे भिंग जागेवरच राहते, फुगते आणि चपटे होते. लांबचा डोंगर पाहताना डोळ्याचा स्नायू सैल असतो. तेहेतीस सेंटिमीटरवर वाचायला तीन डायॉप्टरचा जोर लागतो, वीस सेंटिमीटरवर रीळ धरून पाहायला पाच. दहा वर्षांच्या मुलाजवळ तेरा-चौदा डायॉप्टर शिल्लक असतात, चाळिशीत पाच-सहा. म्हणजे वीस सेंटिमीटरवर तासन्‌तास काम करणारा एक्केचाळीस वर्षांचा माणूस जवळची सगळी पुंजी रोज उधळत असतो. अशा माणसाचे एका चष्म्याने भागत नाही. टेबलाला एक, रिळाला एक, लांबच्याला वेगळा.

बरे झाल्यावर विश्रांती घेतली असे मुळीच नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी सुरुवातीला परावृत्त केले, मग मदत केली आणि चित्रपटकार सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. फाळके यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. हे विल्यमसन मूळचे औषधविक्रेते. काचेच्या बाटल्या आणि रसायने सांभाळता सांभाळता कॅमेऱ्यांकडे वळलेली अशी माणसे त्या काळात बरीच होती.

एप्रिलमध्ये परतल्यावर कर्ज देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. महिनाभराची वाढ सुमारे एका मिनिटात दिसली. रोज एकच चौकट टिपली असे सांगितले जाते, पण मग तीस चौकटी दोन सेकंदांत संपल्या असत्या. एका मिनिटाला साडेनऊशेच्या वर चौकटी लागतात, म्हणजे रोज तीसेक. अंधत्वातून उठलेला माणूस महिनाभर एका रोपट्यासमोर डोळा लावून बसला होता.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. फुटाला सोळा चौकटी धरल्या तर एकोणसाठ हजारांवर चित्रे, प्रत्येक टपाल तिकिटाएवढी. कोरी फिल्म बिनछिद्राची येई. तिला अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडण्याचे, धुण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. ऊन कमी पडले की पांढऱ्या चादरी धरून उजेड वळवायलाही त्याच उभ्या राहत. त्यामुळे फाळके यांच्या डोळ्यांचा किती भार कमी झाला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण पहिल्या चित्रपटाच्या श्रेयात त्यांचे नाव आणखी मोठे असायला हरकत नव्हती. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा फार दिसे, म्हणून आकाश कोरे पांढरे येई. पिवळी काच लावल्याशिवाय ढग उमटत नसत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला हलले. पुढे ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, मधूनमधून छोटे माहितीपट, आगकाड्या नाचवणारी एक गंमतही. १९१८ मध्ये हिंदुस्थान कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा बिनसले. बोलपटाचा काळ आला तेव्हा ते साठीत होते. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ मधला, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीचा. एक्केचाळिसाव्या वर्षी गेलेली दृष्टी तोवर सव्वीस वर्षे कामाला आली होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.