लोकहितवादी आणि इनामांच्या सनदा

लोकहितवादी या नावाने सर्वविश्रुत असलेले गोपाळ हरी देशमुख यांचा जन्म पुण्यास १८२३ साली झाला. १८४८ पासून प्रभाकर पत्रात आलेल्या शतपत्रांनी त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. तथापि त्यांच्या सरकारी सेवेतील एका प्रकरणाकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

पूर्वीच्या राजवटींनी देवस्थानांस, विद्वानांस व धर्मादायास दिलेल्या इनाम जमिनींचे हक्क तपासण्यासाठी इंग्रज सरकारने इनाम कमिशन नेमले होते. १८५२ च्या कायद्याने त्यास मोठे अधिकार लाभले. त्याच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद नव्हती. वाईस मुनसफ असलेले गोपाळराव पुढे या कमिशनात असिस्टंट कमिशनर झाले. तेथे इनामदारांच्या सनदा पेशवे दप्तरातील नोंदींशी ताडून पाहिल्या जात. मेळ न बसल्यास पिढ्यान्पिढ्यांची वहिवाटही अपुरी ठरे व जमीन खालसा होई. लोकांत मोठा असंतोष माजला. अखेर १८६३ च्या कायद्यांनी ठराविक आकार भरणाऱ्यांचे हक्क चौकशीवाचून कायम केले. गोपाळरावांनी पुढे अहमदाबाद व नाशिक येथे न्यायाधीशाचे काम केले. १८९२ साली ते निवर्तले.

या इतिहासाचा बोध आजही उपयोगी आहे. वसतिगृहास वा धर्मशाळेस भूमी देणाऱ्याने केवळ शब्द देऊन थांबू नये. दानपत्रावर दोन साक्षी घ्याव्यात, ते रीतसर नोंदवावे आणि सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लावून घ्यावे. असे न झाल्यास दात्याच्या पश्चात त्याचीच नातवंडे व त्याचीच संस्था कोर्टात समोरासमोर उभी राहतात.