दासगावच्या खाडीतला इंग्रज : विल्यम जेम्स

इंग्रजांनी अमेरिकेत वसाहती केल्या हे मुलं वाचतात. पण आपल्या सावित्री खाडीत ते कसे शिरले, हे त्यांना सांगितलंय का?

विल्यम जेम्स मूळचा वेल्सचा, लहानपणीच जहाजावर गेलेला. १७५१ मध्ये तो कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा प्रमुख झाला. तेव्हा कोकण किनाऱ्यावर तुळाजी आंग्र्यांचा दरारा होता. त्यांचं आणि पेशव्यांचं बिनसलेलं. नानासाहेबांनी आपल्याच आरमारी सरदाराविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. (हे शिकवताना मला दरवेळी वाईट वाटतं.) एप्रिल १७५५ मध्ये जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग तोफांनी झोडपून घेतला, लगेच बाणकोटही पडलं. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला. बाणकोट मात्र इंग्रजांनीच ठेवलं, किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. १७५६ च्या तहात त्यासोबत काही गावंही गेली, त्यात आपलं दासगाव! त्याच वर्षी विजयदुर्ग पडला नि तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले.

जेम्स १७५९ मध्ये श्रीमंत होऊन मायदेशी परतला, कंपनीचा संचालक झाला, १७८३ मध्ये वारला. पुढच्या वर्षी पत्नीने त्याच्या आठवणीसाठी लंडनला टेकडीवर तीनकोनी मनोरा बांधला. तो अजून उभा आहे. नाव सेव्हर्नड्रूग. मुलांना मोठ्याने म्हणायला लावा, त्यात सुवर्णदुर्ग ऐकू येतो.